उघडं पोट

वॉर्डात डॉक्टरकीची परीक्षा होती. बाबांचं यकृत सुजलेलं, म्हणून परीक्षेसाठी त्यांनाच निवडलं होतं. मुलं येत, सदरा वर करून पोट दाबत आणि ते तसंच उघडं टाकून उत्तर द्यायला धावत. बाबांच्या हातांत सदरा ओढण्याइतकाही जोर उरला नव्हता, आणि परीक्षा चालू असताना मला खाटेजवळ यायला मनाई होती. एका मुलीने मात्र तो खाली ओढून बटणं लावली. तिचं उत्तर अर्धंच राहिलं.

"इतका वेळ करत काय होतीस?" परीक्षक खेकसले.

मला सांगायचं होतं, पण आम्हाला कोण विचारतंय? पोट झाकायचे मार्क नसतात बहुधा. परीक्षकांनी स्वतः सदरा वर केला, तिला सूज दाखवली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

"पास झाली का गं ती?" बाबांनी मला विचारलं. पंख्याखाली त्यांच्या उघड्या पोटावर काटा आला होता.