डावखुरी गिटार

माझ्या हत्यारांना कुणी हात लावलेला मला चालत नाही. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पटाशी जागची हलली तरी माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, ‘लग्न माझ्याशी केलंत आणि संसार रंध्याशी.’ अगदीच खोटं नाही ते.

मी पॅटर्नमेकर. फाउंड्रीत लोखंडाचा जो भाग ओतायचा असतो तो आधी लाकडात तयार करावा लागतो. त्या लाकडावरून वाळूत साचा उठवतात आणि साच्यात वितळलेला रस ओततात. माझा जन्म याच कामात गेला. घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे रविवारी बाहेरची कामं करतो. पंपाची बॉडी, गिअरबॉक्सचं झाकण असलं काहीतरी. गेल्या मार्च महिन्यात त्या शेडमध्ये मी इलेक्ट्रिक गिटार करायला घेतली. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. सुरातली आणि बेसूर, दोन्ही गिटारी मला सारख्याच ऐकू येतात.

गिटार धाकट्या भावासाठी होती. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो आमच्या कॉलनीतल्या गायन पार्टीत वाजवायचा. जयंतीच्या दिवसांत तर घरी जेवायलासुद्धा सापडायचा नाही. आज या विहारासमोर कार्यक्रम, उद्या त्या चौकात. दिवसा मात्र कंपनीत पॉवर प्रेसवर काम. त्याच प्रेसखाली दोन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारची दोन्ही, मधल्या पेरापासून. गिटारच्या तारा दाबतो तो हाच हात. जखम भरली, कंपनी सुटली, नाशकातच द्वारका चौकात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पार्सल बुकिंगचं काम लागलं. पण डावा हात जो पँटच्या खिशात गेला तो बाहेर येईना. आमच्याकडे जेवायला बसला तरी हात खिशातच असायचा. मला ते बघवत नसे, आणि बघवत नाही म्हणून मी त्याच्यावरच खेकसायचो.

वर्षभर तो गप्प राहिला. मग एकदा बायकोपाशी बोलला, माझ्यापाशी नाही. घरी जुनी गिटार उलटी धरून तो शिकत होता. तारा उजव्या हाताने दाबायच्या, आणि डाव्या हातात अंगठा नि करंगळीशेजारचं बोट यांच्यात पिक, म्हणजे प्लास्टिकची चकती, धरून छेडायच्या. जमत चाललं होतं. पण उलट्या गिटारीचे बटण-खटके कोपराखाली येत आणि वरच्या सुरांपर्यंत हात पोचत नसे. डावखुऱ्या माणसाची गिटार नाशकातल्या दुकानांत मिळाली नाही. पार्टीच्या प्रमुखांनी त्याला सांगून ठेवलं होतं, ‘तुझी जागा तुझी आहे. पण जयंतीच्या आधी आठवडाभर पक्कं कळव, नाहीतर दुसरा एक पोरगा तयार आहे.’ आणि भाऊ बायकोला म्हणाला होता, ‘वहिनी, या वर्षी झालं तर झालं. नाहीतर ॲम्प्लिफायर विकून टाकतो आणि विषय संपवतो.’

तो नुसतं बोलणाऱ्यातला नाही. म्हणून मला भीती वाटली.

‘अहो, एवढे पंप नि गिअरबॉक्स घडवता,’ बायको म्हणाली, ‘भाऊजींना एक गिटार नाही घडवता येत?’

उंटावरून शेळ्या हाकायला हिचं काय जातं, असं म्हणून मी चिडलो. आणि पुढच्याच रविवारी लाकूड काढलं.

पेठच्या बाजूने आणलेली शिवणीची एकच फळी माझ्याकडे होती. हलकी, सरळ रेघांची, कित्येक उन्हाळे शेडमध्ये वाळलेली. ती बॉडीला घेतली. नेकला, म्हणजे दांडीला, जुनं सागवान. फळी एकच असल्यामुळे चुकायला जागा नव्हती. राऊटर, म्हणजे लाकूड कोरायचं मशीन, फिरवताना एका वळणावर लाकडाची कपची उडाली, तेव्हा मी झटकन बटण बंद केलं. चूक वरवरची निघाली, कानशीने घासून घेतली. पण त्यानंतर प्रत्येक वळणाला मी श्वास धरूनच मशीन चालवलं.

भाऊ कामावरून परस्पर शेडमध्ये यायचा आणि स्टुलावर बसायचा. गिटारवर आडव्या बारीक पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. कुठली फ्रेट कुठे बसवायची याची मापं त्याने मोबाइलवरून वाचून दाखवली आणि मी माझ्या नेहमीच्या सहाशे मिलिमीटरच्या पोलादी पट्टीने सागवानावर खुणा केल्या. खाली तारा जिथे टेकतात तो ब्रिज त्याहून लांब येत होता, पट्टी पुरेना. तिथे टेप लावला. प्रत्येक माप त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. तो हसला. ‘दादा, माझ्यावर विश्वास नाही का?’ त्या दिवसांत तो हसला की मला आणखीच धास्ती वाटायची. एवढी आशा लावून बसलाय, आणि उद्या काही बिनसलं तर?

तारा चढवल्या तो रविवार. शेडचा पत्रा तापला होता, पंखा नुसता गरम वारा फिरवत होता. बायको दारात उभी होती. भावाने खुंट्या पिळून, कानाने ऐकत तारा सुरात लावल्या. बायकोने मोबाइलवरचं सूर मापायचं ॲप पुढे केलं, तर म्हणाला, ‘वहिनी, मग हे कान कशाला दिलेत? चष्मा अडकवायला?’ त्याला त्या ॲपचा पहिल्यापासून राग.

आणि तो वाजवायला लागला. बायकोने डोळ्यांना पदर लावला. मला सूर कळत नसले तरी भावाचा चेहरा कळतो. तो चेहरा मी दोन वर्षांनी बघत होतो.

मग त्याचा हात नेकवरून वर सरकला. भाऊ थांबला. पुन्हा खालून वर गेला, पुन्हा तिथेच थांबला. चेहरा उतरत गेला.

‘काय झालं?’

‘वर सूर चढा लागतोय.’

‘म्हणजे?’

‘मी जास्त दाबतोय. तार जास्त दाबली की सूर चढतो. ह्या हाताला अक्कल नाही अजून.’

‘मग हलकं दाब की!’

हलकं दाबलं. परत दाबलं. तेच. बोटांच्या टोकांना वळ उठले, कपाळावरचा घाम गिटारवर टपकला. मी आपला बाजूला उभा राहून ‘हलकं, हलकं’ करत होतो. शेवटी तो ओरडला, ‘दादा, गप बस ना जरा!’ आजवर तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. ओरडणं हे खातं माझ्याकडे.

मी जरा दमाने विचारलं, ‘गिटारीतच काही खोट नसेल?’

‘नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणू का आता?’ तो म्हणाला. ‘तुझं माप चुकलेलं मी कधी बघितलं नाही. माझाच हात गेलाय. आणि हाताबरोबर कानही गेला असंल, कुणी सांगावं.’

खरं सांगायचं तर माझं माप चुकत नाही हे ऐकून मला त्याही घटकेला बरं वाटलं. माणूस किती मूर्ख असतो बघा.

त्याने गिटार बेंचवर ठेवली. हात खिशात घातला. बायकोला ‘येतो वहिनी’ म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पार्टीच्या प्रमुखांचा मला फोन आला. भावाने कळवलं होतं, त्या पोराला घ्या. ‘तुम्ही समजवा ना त्याला,’ प्रमुख म्हणाले, ‘मी चार दिवस थांबतो.’ समजवायला माझ्याकडे काय होतं? मी त्याला फोन केला, त्याने उचलला नाही. ॲम्प्लिफायर बघायला गिऱ्हाईक येणार असल्याचं मात्र बायकोच्या कानावर आलं.

गिटार बेंचवर तशीच पडून होती. मी शेडमध्ये जाणंच सोडलं. फाउंड्रीत दोन माणसांशी भांडलो, घरी भाजीत मीठ बरोबर असूनही ताट सारलं. आणि त्या रागाच्या भरात एका संध्याकाळी घरी आलो, तर बायको शिवणाच्या मशीनवर कापडाशी झटापट करत बसलेली. ती घरी शिवणकाम करते, आमच्या गल्लीतले निम्मे ब्लाउज तिचे. गिटारीला तिने जाड कापडाची खोळ शिवली होती, भाऊजींसाठी. आणि खोळीत गिटार जाईना. चेन बोटभर उघडीच राहत होती.

‘कापड आटलं असेल,’ मी म्हणालो.

‘आटतं ते धुतल्यावर. हे नवं कोरं आहे.’

‘मग माप चुकलं तुझं.’

एवढं म्हटल्यावर काय होतं ते विवाहितांना सांगायला नको. तिचं माप चुकत नाही, हा तिचाही अभिमान आहे. ‘टेप सापडेना म्हणून तुमच्या पट्टीने मोजलं होतं मी,’ ती उसळून म्हणाली, ‘कापताना टेप सापडला, टेपने कापलं. माप लहान येईलच कसं?’

‘माझ्या पट्टीला हात लावलास?’

‘लावला! पट्टीच आहे, पिंडीवरचा नाग नाही!’

ती तरातरा माझ्या कामाच्या पिशवीकडे गेली, पट्टी घेऊन आली, माझ्यासमोर आपटली आणि शेजारी आपला टेप ताणून धरला. ‘बघा. कोण खोटं बोलतंय ते बघा.’

एका टोकाला शून्याला शून्य भिडलं होतं. दुसऱ्या टोकाला माझ्या पट्टीचे सहाशे तिच्या टेपच्या साठ सेंटिमीटरच्या पुढे गेले होते. चांगले सहा मिलिमीटरने.

मी टेप तिच्या हातातून घेतला आणि स्वतः लावून बघितला. तेच.

लोखंडाचा रस थंड होताना आकसतो. म्हणून पॅटर्न तेवढाच वाढवून करावा लागतो, शंभराला एक. दरवेळी हिशेब नको म्हणून आमच्या धंद्यात पट्टीच वाढीव मिळते. आकडे नेहमीचे, पण प्रत्येक मिलिमीटर जरासा मोठा. श्रिंकेजची पट्टी म्हणतात तिला. जन्मभर मी तिनेच मोजत आलोय. माझ्या दृष्टीने तीच पट्टी, बाकीच्या पट्ट्या लोकांच्या. भावाच्या गिटारीवरच्या सगळ्या फ्रेट मी त्या पट्टीने मारल्या होत्या, आणि ब्रिज टेपने. खालच्या सुरांना फरक नखाएवढाही नव्हता, वर जावं तसा वाढत गेला; वरच्या फ्रेट ब्रिजच्या जवळ सरकल्या आणि सूर चढा निघाला. लाकूड आकसणार नव्हतं. भावाचा जीव तेवढा आकसला.

‘अगं, त्याचा हात बरोबर आहे,’ मी बायकोला म्हणालो. तिने पाणी आणून दिलं. माप कुणाचं चुकलं ते तिने त्या दिवशी काढलं नाही. ते नंतर काढलं, आणि अजून काढते.

फ्रेट हलवता येत नाहीत, पण ब्रिज हलवता येतो. सगळंच वाढीव असेल तर ब्रिजचं अंतरही वाढीव करायचं. साडेसहा मिलिमीटर मागे. दुसऱ्या दिवशी सुटी टाकली. जुनी भोकं शिवणीच्याच खुंट्या ठोकून बुजवली, सरस वाळेपर्यंत शेडमध्ये येरझाऱ्या घातल्या. नवी भोकं त्या खुंट्यांच्या अगदी लगत येत होती. ड्रिल जरा सरकलं असतं तर मधली भिंत फुटली असती, आणि दुसरी फळी नव्हती. म्हणून ड्रिल बाजूला ठेवलं आणि गिरमिट घेतलं. हाताने, चिमूटभर भुसा काढत एकेक भोक पाडलं. भिंत राहिली.

तारा चढवल्यावर बायकोने ॲप लावलं. मोकळी तार छेडली, काटा मधोमध. वरची फ्रेट दाबून छेडली, काटा मधोमध. मी दाबलेली तार, माझ्यासारख्या ढ माणसाने. आम्ही सहाही तारा तपासल्या. मग मी पट्टी उचलली, एक साधी पट्टी उचलली आणि स्कूटर काढली.

द्वारकेच्या चौकात दुपारी काय असतं ते सांगायला नको. ट्रकांच्या हॉर्नमध्ये मला त्याच्या काउंटरवर ओरडूनच बोलावं लागलं. ‘अरे, तुझं चुकलं नव्हतं. गिटार चुकली होती!’

त्याने पार्सलवर चिठ्ठी डकवली. ‘दादा, समजूत काढू नको. वहिनीने पाठवलं ना?’

‘समजूत मी कधी काढली का कुणाची?’

‘नाही,’ तो म्हणाला. ‘म्हणून तर वाईट वाटतंय.’

मी दोन्ही पट्ट्या काउंटरवर ठेवल्या. ‘धर. एकीवर एक धर आणि टोक बघ.’

दोन पट्ट्या जुळवून धरायला दोन हात लागतात. त्याने खिशातला हात बाहेर काढला. एका टोकाला अंगठ्याने शून्याला शून्य दाबून धरलं आणि दुसरं टोक उजेडाकडे नेलं. मी फाउंड्री, रस, शंभराला एक, सगळं सांगितलं. तो प्रेसवर राबलेला माणूस, त्याला मध्येच कळलं होतं. मागे कुणीतरी पावतीसाठी ताटकळत होतं.

‘म्हणजे वर सूर चढाच होता,’ तो म्हणाला.

‘चढाच होता.’

‘म्हणजे माझा कान बरोबर होता?’

‘कान बरोबर होता. बोटंही बरोबर होती.’

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. भर काउंटरवर. ‘दादा,’ तो म्हणाला, ‘अंगणच वाकडं होतं रे.’

त्याने तिथूनच प्रमुखांना फोन लावला. ‘त्या पोराला नाही सांगा,’ म्हणाला, ‘मी आहे.’ ॲम्प्लिफायरच्या गिऱ्हाइकालाही नाही म्हणून सांगितलं. मग पावतीवाल्याचं काम केलं, दोन्ही हातांनी. मी निघताना माझ्या पट्ट्या मागितल्या, तर साधी पट्टी त्याने परत दिली. वाढीव पट्टी छातीशी धरून म्हणाला, ‘ही राहू दे माझ्याकडे.’

दुसऱ्या दिवशी फाउंड्रीत मी पट्टीशिवाय गेलो आणि शेजारच्या बेंचवाल्याची मागून घेतली. त्याने दिली, पण नाखुशीने. त्यालाही त्याच्या हत्यारांना कुणी हात लावलेला चालत नाही.