गुरुवारचा उपास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगेन सांगेन म्हणत राहिले, तर तेच आधी वारले. आता घरात मी एकटी. तुम्ही आहात, म्हणून — ऐका.

आमचं गाव निपाणीजवळचं. सुगी उरकली की गावच्या मराठी शाळेच्या पटांगणात शाळेसाठी बाजार भरतो. घराघरातनं काहीबाही करून आणायचं, विकायचं आणि पैसे शाळेला द्यायचे. कधी त्यातनं कौलं बदलली, कधी बाकं आली. आणि एक जुनी रीत — कुणाचंही पातेलं उघडलं की पहिला घास शेजारच्या दुकानवालीनं सगळ्यांसमोर खायचा, 'झकास झालंय' म्हणायचं, मगच विक्री सुरू. शेजारणीनं खाल्लं की सगळं गाव खातं.

सुमन आणि मी निपाणीच्या एका शाळेत शिकवायचो. ती गणित, मी मराठी. सकाळची बस एक, दुपारचा डबाही जवळजवळ एकच. तिच्या हातच्या कुळथाच्या शेंगोळ्या — काय सांगू! रस्सासुद्धा मी बोटानं पुसून खायचे आणि ती म्हणायची, "डबा तरी ठेव गं." सुमन आमच्याच गावची, बौद्ध वस्तीतली. निपाणीत त्याचं काहीच नव्हतं. गावात त्यांच्या घरचं खायचं नाही असं कुणी म्हणत नसे — नुसतं कुणी खात नसे. कळतंय ना, मी काय म्हणते ते?

वस्तीचं दुकान बाजारात कधी लागलं नव्हतं. ते लागावं हे मीच तिच्या डोक्यात घातलं. "तू लाव की, मी शेजारी बसते," असं मीच म्हणाले. फुशारकीनं म्हणाले, लपवू कशाला? आपण किती पुढारलेल्या, असं वाटत होतं मला.

तिनं शेंगोळ्याच केल्या. मला आवडतात म्हणून — दुसरं कारण काय असणार? तिनं पातेलं उघडलं. समोर माझ्या सासूबाई, त्यांच्यामागं भावकीतल्या बायका. सगळ्या पातेल्याकडं बघू लागल्या. पण मला कुणी अडवलं नाही, कुणी डोळेही वटारले नाहीत. हे सांगायलाच हवं.

सुमननं वाटी भरली. "घे गं वंदे. आदी तू."

आणि मी — मी म्हणाले, "आज उपास हाय माझा."

त्या दिवशी गुरुवार होता. कितीतरी गुरुवार आम्ही एका डब्यात जेवलो होतो. माझा कसला उपास? तिथंच तोंडावर विचारायचं होतं तिनं. तिनं वाटी मागं घेतली, हसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "व्हय की, गुरुवार न्हाय का आज! मी बी इसरलेच बघ."

माझी लाज राखली तिनं.

मग कुणीच पुढं आलं नाही. सगळ्यांना आपापली कामं आठवली. संध्याकाळी सुमन आणि तिचा भाऊ भरलेलं पातेलं दोन्ही बाजूंनी धरून वस्तीकडं गेले. माझ्या करंज्या तोवर कधीच संपल्या होत्या.

शाळेत ती त्याबद्दल एका शब्दानं बोलली नाही. डबा तेवढा खिडकीशी बसून खाऊ लागली. भांडली असती तर मी माफी मागितली असती का? बहुतेक नसती मागितली. पुढं तिनं बेळगावात नोकरी धरली. वस्तीचं दुकान परत लागलं नाही.

खोटं निभवायचं म्हणून मी खरंच गुरुवार धरू लागले. अजून धरते. गावात कौतुक होतं — वंदनाताईंचा उपास कधी चुकत नाही म्हणून. मी मान खाली घालते, तर तोही त्यांना विनय वाटतो. बाजारात बसते, विकते, घरी येते. सुमनइतकं जवळचं माणूस मला पुन्हा मिळालं नाही.

सासूबाईंना भ्याले असं मी मनाला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण त्यांनी अडवलं कुठं होतं? त्या दिवशी तर मी सकाळपासून मुद्दाम काही खाल्लं नव्हतं, शेंगोळ्या पोटभर खाता याव्यात म्हणून. वाटी पुढं आली तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. भूक लागली होती मला. तरी मी हात पुढं केला नाही.