एकशेवीसच्या वर नाही

आमच्याकडे वरातीत नाचायला कुणाची ना नाही. घोळक्यात हात वर करून कितीही नाचा. नवरा-बायकोनं एकमेकांचा हात धरून नाचलं की मात्र लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मला या गोष्टीचा पहिल्यापासून राग आहे, आणि तो लपवायचं वयही आता राहिलेलं नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आमचे हे पुण्यात लेकाकडे चार महिने होते, तेव्हाची गोष्ट. सोसायटीच्या हॉलमध्ये स्विंग नाचाचा वर्ग चालायचा. जुनं जाझ संगीत, दोघांनी हात धरायचे, एकानं वळवायचं, दुसऱ्यानं वळायचं. आम्ही दोघं व्यायाम म्हणून गेलो आणि अडकलो. लातूरला परतल्यावर रोज संध्याकाळी बैठकीतली टीपॉय भिंतीला लावून सराव करू लागलो. मी गणिताची मास्तरीण, त्यामुळे मोजणं माझ्याकडे. मिनिटाला ऐंशी ठोक्यांवर नाच रेंगाळतो. एकशेऐंशीला पोरं उड्या मारतात. एकशेवीसला यांचा गुडघा गप्प राहतो, आणि दीडशेला रात्रभर शेकावा लागतो.

लेकाचं लग्न नांदेडला ठरलं, तेव्हा मी जाहीर केलं की वरमाई आणि वरबाप मांडवात जोडीनं नाचणार. थोरल्या नणंदेनं फोन केला.

"वहिनी, वरमाईनं मिरवावं. नाचून काय हसू करून घ्यायचं हाय का? त्यात भावाचा पाय तसला."

"पायाचा वेग माझ्याच हातात राहणार आहे, अक्का," मी म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आम्हाला नाचता येत होतं, लोकच अंगण वाकडं करत होते.

बँडचे मास्तर नांदेडचेच. घरात तीन पिढ्या क्लॅरोनेट. मी त्यांना मोबाइलवर आमची धून ऐकवली आणि समजावलं की ठोक्याचे दोन भाग सारखे नाहीत, पहिला लांब, दुसरा आखूड.

"म्हंजे लंगडी चाल म्हना की मॅडम," ते म्हणाले. हे माझ्या शेजारी काठी टेकून उभे होते. मास्तरांनी जीभ चावली, पण हेच आधी हसले. मास्तरांनी धून पाच मिनिटांत उचलली. पुण्यातल्या स्पीकरपेक्षा ती मला त्यांच्या फुंकरीत जास्त आवडली.

"फक्त वेग वाढवायचा नाही," मी बजावलं.

मास्तर डोकं खाजवत म्हणाले, "पब्लिक उठली का चाल उठतीच. आमच्या हाताला सवयच हाय तशी."

"या वेळी रोका."

"हाव," म्हणत त्यांनी मान डोलावली.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि भर दुपारी आम्ही मांडवाच्या मधोमध उभे राहिलो. काठी मी सुनेकडे दिली होती. पहिलं वळण झकास झालं. दुसऱ्याला शिट्टी आली. तिसऱ्याला लेकाचे मित्र उठले, त्यांच्या मागून सुनेच्या भोकरच्या मावश्या उठल्या, आणि मास्तरांचा शब्द वाऱ्यावर गेला. त्यांनी डोळे मिटले होते. गाल फुगले, ढोल पेटला. ठोके दीडशे झाले, मग दोनशेच्या पुढं गेले.

यांची पावलं मागं पडायला लागली. नणंद खुर्ची घेऊन आली आणि ती यांच्या पाठीमागं ठेवून म्हणाली, "बस रे भाऊ. झाली हौस." सगळा मांडव बघत होता. हे बसले असते तर घरातसुद्धा पुन्हा कधी आम्ही नाचायला हात धरले नसते, हे मला तेव्हा स्पष्ट कळलं, आणि मला रडू यायला लागलं. पण वर्गात अडलेल्या पोराला सांगते तसं मी यांच्या कानाशी सांगितलं, "अहो, एक ठोका सोडा. एक घ्या, एक सोडा."

यांनी एक सोडला. मग एक घेतला. बँड धावत होता आणि आम्ही त्याच्या निम्म्यानं चाललो होतो, घरच्या सरावापेक्षाही सावकाश. ठेका चुकत नव्हता. आजूबाजूची पोरं धापा टाकत बाजूला झाली. नणंद खुर्ची धरून तशीच उभी होती.

मला वळवता वळवता हे तिला म्हणाले, "अक्का, ती खुर्ची तुला घे. मी अजून नाचून राहिलो."