स्टिअरिंगवरचा लाल टॅग

ऑगस्टमधला शेवटचा रविवार, दुपार, भिलाईच्या सेक्टर दोनमधलं आमचं क्वार्टर. हजर: मी, नवरा, सासूबाई आणि शेजारचे काका, रेल्वेतून निवृत्त झालेले. गैरहजर: मुलगी. ती कोइंबतूरला होती आणि तिच्यासाठीच आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो.

राष्ट्रीय फॉर्म्युला शर्यतींच्या हंगामाची ती पहिली फेरी. एका माणसापुरती लांबट, बुटकी गाडी, चारही चाकं उघडी. मुलगी ती चालवत नव्हती, तिथल्या एका टीममध्ये मेकॅनिक होती. आधी डिप्लोमा, मग इथल्या स्टील प्लांटमध्ये अप्रेंटिस आणि मग एकदम हे. टीमने तिला या हंगामापुरतंच घेतलं होतं. काम पटलं तर कायम, नाहीतर परत भिलाई. मी दोन्हीची तयारी ठेवली होती. तिची खोली झाडून ठेवली होती आणि उरलेलं सामान खोक्यात भरून त्यावर तिथला पत्ताही लिहिला होता.

गाड्या सुटल्या.

"याले मडगार्ड कावून नाई?" सासूबाईंनी विचारलं.

"गाडी हलकी पाहिजे ना, आई," नवरा म्हणाला.

"अन् पाऊस आला तं? सारा चिखल तोंडावर."

"आमच्या इंजिनाले बी मडगार्ड नव्हतं, मावशी," काका म्हणाले.

"तुमचं इंजिन वेळेवर तरी कुठं येत होतं, भाऊ!"

मुलगी एकदाच दिसली, तीही पाठमोरी, चाकाशी वाकलेली. वेणीवरून ओळखली.

घोळ झाला तो दुसऱ्या फेरीत. त्याआधी आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. नवरा रोलिंग मिलमध्ये फिटर आहे. तिथे मशीन दुरुस्तीला घेतलं की आधी बंद करायचं आणि स्विचवर आपल्या नावाचा लाल टॅग लावायचा. ज्याने लावला त्यानेच तो काढायचा, साहेबानेसुद्धा हात लावायचा नाही. कारण आत कुणाचा तरी हात असू शकतो. नवऱ्याने ही रीत घरी आणली. मिक्सर उघडला की प्लगवर टॅग. मग चटणी पाट्यावर वाटायची, पण टॅगला हात लावायचा नाही. मुलगी अशा घरात वाढली.

तर शर्यतीत कोण कुठून सुटणार हे ठरवायला आधी घड्याळ लावून चकरा मारतात. त्याआधी ती ब्रेक तपासत होती. सवयीने तिने स्टिअरिंगवर आपला टॅग लावला. काम झालं. उसनं आणलेलं हत्यार परत द्यायला ती दुसऱ्या गॅरेजमध्ये गेली आणि टॅग तसाच राहिला. ड्रायव्हर आला. टॅगवर लिहिलेलं होतं, काम चालू आहे, हात लावू नका. तो बसेचना. हेड मेकॅनिक म्हणाला, काढून फेक. ड्रायव्हर म्हणाला, ब्रेक उघडे असले तर? तिला शोधून आणेपर्यंत वेळ जवळजवळ संपली होती. गाडी सगळ्यांच्या शेवटी सुटली. टीमच्या मालकाने तिला सांगितलं, घरी जा, पुढच्या फेरीआधी कळवू.

ती घरी आली, टॅग बॅगेतच होता.

"पापा, गलती मेरी थी, मालूम है."

"टॅग लावला ते बरोबर केलं," नवरा म्हणाला. "काढाले विसरली ते चुकलं. दोन गोष्टी वेगळ्या हायेत."

"हो, अन् नोकरी जाईल ती एकच," सासूबाई म्हणाल्या. "तुयाच लाल टॅगनं."

नुसतं वाट पाहत बसणं मला जमत नाही. मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. आमच्याकडे बाहेर जाणारा आपला बिल्ला खिडकीवर टांगून जातो, त्यामुळे कोण आत, कोण बाहेर, एका नजरेत कळतं. मी तिला म्हटलं, "हेडला लिही. माफी एका ओळीत, उपाय दोन ओळींत. दाराशी खुंट्या लावा, प्रत्येकाच्या नावाची एक. बाहेर पडताना आपला टॅग आपल्या खुंटीवर पाहिजे. काम अर्धं असलं तर हेडला सांगूनच पाय बाहेर टाकायचा."

"आई, वो कोई प्लांट थोडी है."

"हात तर माणसांचेच आहेत ना?"

तिने लिहिलं. उत्तर आलं नाही. ऑक्टोबरचा उकाडा होता, त्यात कूलरचा पंप बंद पडला. तिने तो खोलला, भाग वर्तमानपत्रावर मांडले, प्लगवर आपला टॅग लावला. बरं वाटलं मला, निदान हात कामात होते. तेवढ्यात फोन आला. ती व्हरांड्यात गेली. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बारीक केला, जे त्या कधी करत नाहीत.

ती आत आली. "बुला रहे हैं. ड्रायव्हर म्हणतो, टॅग लावणारी पाहिजे. हेडने खुंट्या ठोकल्या पण. पापा, टॅग लागतील, सगळ्यांसाठी."

नवरा चप्पल घालून टॅग आणायला गेला.

तत्काळचं तिकीट, डब्यात पराठे, दुर्ग स्टेशनपर्यंत ऑटो. ऑटो सुटताना मी विचारलं, "अन् पंप?"

"मी आल्यावर! कोणी हात नका लावू!"

शेवटच्या फेरीला हजर सगळे तेच. गॅरेजच्या दारातल्या खुंट्या क्षणभर टीव्हीवर दिसल्या, टॅग जागच्या जागी. गाडी चौथी आली.

"चवथी म्हणजे पास का नापास?" सासूबाई.

"पास," काका म्हणाले.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला, कायम केलं. खोकं मी दुसऱ्याच दिवशी रवाना केलं. तिच्या खोलीत आता माझी शिलाई मशीन आहे.

राहिला तो पंप. सुटे भाग मी डब्यात भरून ठेवलेत. नवऱ्याला तासाभराचंही काम नाही, तसं मी परवा म्हटलंही. तो प्लगपर्यंत गेला, टॅग उलटून नाव पाहिलं आणि परत येऊन बसला.

"अन् मार्चात मले उकडल तवा?" सासूबाईंनी विचारलं.

मुलगी होळीला येते म्हणाली आहे. तोवर पंप बाकी.