डाळ, शेंगदाणा, डाळ

शेंगदाणे भाजल्याचा वास आला की नांदेडच्या घरातली ती दुपार आठवते. धाकटी बहीण स्पॅनिश शिकायची. शब्दाच्या प्रत्येक तुकड्याला ताटात तुरीच्या डाळीचा दाणा ठेवायची, जोर येई तिथं शेंगदाणा. "वेन-ता-ना." म्हणजे खिडकी. डाळ, शेंगदाणा, डाळ. "बाई, डाळ निवडून राहिलीस का पेरून?" आई हसायची. तिची पुण्याची नोकरी त्या दुपारच्या स्पॅनिशच्या ऑनलाइन तोंडी परीक्षेवर ठरणार होती आणि भोकरचे पाहुणे तिला बघायला निघाले होते. स्थळ हातचं जाईल म्हणून परीक्षा सुरू होताच मी राउटरची वायर काढली. "दादा, नेट गेलं का?" "हाव, समद्या गल्लीचं," म्हणत नेट बघायला खोटंच बाहेर धावलो. परीक्षा बुडाली, ती साडी नेसली. परवा भोकरहून आली तेव्हा लेकीला सांगत होती, "मामानं त्या दिवशी माझ्यासाठी लई धावपळ केली." मी शेंगदाण्यांची फोलपटं फुंकत राहिलो.