कान्हेरीच्या ओढ्यावरची शीळ

आमचे हे, म्हणजे कोंडीराम, मिसरूड फुटल्यापासून कापडगिरणीच्या साचेखात्यात, मागावर. साच्यांच्या खडखडाटात ही माणसं नुसते ओठ हलवून बोलतात आणि घरी येऊन बोंबलतात. ह्यांनी चहा मागितला तरी सगळ्या चाळीला कळायचं. कान गेलेत म्हटलं की अंगावर येत.

"मोर्च्यात घोषणा कोण देता? मीच ना? बहिरो देईल?"

सत्तावन्नच्या श्रावणात आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि पैज लागली. कान्हेरीच्या डोंगरात जायचं, लेण्यात मुक्काम करायचा आणि सकाळी ओढ्यावर निळ्या पाखराची शीळ ऐकायची. गावी हेच पाखरू ह्यांना झोपेतून उठवायचं. शीळ ऐकू आली, तर मी तोंड बंद ठेवायचं. नाही आली, तर ह्यांनी साचेखातं सोडायचं.

खात्यातले दत्ताराम आणि गुणाजीही आले. पावसानं जीव नको केला. स्टोव्ह पेटेना, भाकऱ्यांचा लगदा झाला, ओल्या चादरीत कुडकुडत पडलो. सकाळी उघडीप होताच चढून ओढ्याशी बसलो. पलीकडे एक भेकर पाण्यावर आलं. गुणाजीला भान राहिलं नाही. उंचावर चढलं की घोषणा द्यायची, ही ह्या लोकांची खोडच.

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" दत्ताराम ओरडला.

भेकर पळालं. हे भडकले.

"मेल्यांनो, गप ऱ्हवा! पाखरू उडवलात! आता काय ऐकू, तुमचा डोक्या?"

पाखरू उडालं नव्हतं. समोरच्या ओल्या दगडावर बसून घोषणेनंतरही ते खुशाल गात होतं. पाण्याच्या आवाजावरूनही शीळ लख्ख ऐकू येत होती. ती फक्त मला. हे तिघे तावातावानं भांडत होते आणि तिघांपैकी एकालाही पत्ता नव्हता. तीन धडधाकट माणसांचे कान त्या गिरणीनं खाल्ले, आणि जाब विचारायचा कुणाला?

मी रागानंच ह्यांची हनुवटी धरली आणि तोंड पाखराकडे वळवलं. त्याचा गळा फुगत होता, चोच हलत होती. ह्यांनी ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी साच्यावरच्यासारखे नुसते ओठ हलवले.

"गातंय."

पैजेचं नावही मी काढलं नाही. मग लाल डोळ्यांनी हे गुणाजीकडे वळले आणि घसा फाटेस्तोवर ओरडले, "दे रे परत घोषणा! माका तेवढीच ऐकू येता."