बाबांच्या गाण्यावरची घरघर

वडशाच्या एका नाटक मंडळीत बाबा कितीतरी हिवाळे गायले, पण मायने त्यांना स्टेजवर कधी ऐकलं नाही. नाटकांचे दिवस तेच धानाच्या मळणीचे. खळं आणि जनावरं सोडून ती जाणार कुठे? आता घशाच्या ऑपरेशननंतर बाबांना गाता येत नाही. बोलतात तेही खरखरीत. त्यामुळे त्यांच्या एका सोबत्याकडे जुन्या प्रयोगाचं चित्रीकरण सापडलं, तेव्हा मी ठरवलं, मायला ते नीट ऐकवायचंच.

सुट्टीत मी चामोर्शीहून, नोकरीच्या गावाहून, घरी आले. कॉम्प्युटरवरचं चित्र टीव्हीवर घेतलं, आवाज बाबांच्या जुन्या अॅम्प्लिफायरला जोडला. चित्र सुरेख आलं. आवाजात मात्र जाड, सलग घरघर, आणि तिच्याखाली दबलेले बाबा.

"हेच गात होते का तुमी?" माय म्हणाली. "यापरिस आपल्या गावची चक्की बरी."

बाबांचा चेहरा उतरला. "मशीन खराब नाई. अर्थिंग म्या सोता केली."

मी अॅम्प्लिफायरमधून कॉम्प्युटरची वायर काढली. घरघर थांबली. पुन्हा लावली, पुन्हा सुरू. मग अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला बांधलेली तार खिडकीतून बाहेर गेली होती, तिचा माग काढत मी अंगणात गेले. मोरीजवळ लोखंडी रॉड गाडलेला, भोवती मीठ-पाणी ओतलेलं. गावोगावी स्टेजमागे मंडळी अशीच अर्थिंग करायची.

"मंडपात कधी घरघर नाई आली," बाबा म्हणाले.

"मंडपात सारं सामान त्या एकाच रॉडवर राहे, बाबा. इथी कॉम्प्युटर घरच्या अर्थिंगवर, अॅम्प्लिफायर तुमच्या रॉडवर. दोन्हीच्या व्होल्टेजात थोडा फरक राहतेच. त्यानं आवाजाच्या वायरीतून करंट वाहते, तेच ऐकू येऊन राह्यलं."

"मंग तार तोडून टाक."

"नुसती तोडली तं अर्थिंगच जाईन. शॉक बसन."

सगळं बंद करून मी ती तार सोडवली. अॅम्प्लिफायरला तीन पिनांची नवी वायर लावली, तिची हिरवी, अर्थिंगची तार पत्र्याला घट्ट कसली, आणि दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर घेतली. हे मला कॉलेजने शिकवलं. कॉलेजपर्यंत मला बाबांच्या गळ्याने आणि मायच्या खळ्याने पोचवलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.

बटण दाबलं. आधी शांतता, मग पेटी, मग बाबा. भरलेला, उंच, मोकळा आवाज. मायच्या हातात निवडायला घेतलेलं सूप तसंच राहिलं. गाणं संपेपर्यंत ती टीव्हीकडे नाही, बाबांकडे बघत होती.

"असं गात होते," ती म्हणाली, "तं घरी काऊन नाई गायले कधी?"

"घरी तू बोलणं थांबवशीन तवा नं!"

"आता चूप आहो." तिने सूप खाली ठेवलं. "लाव वो पोरी, पयल्यापासून."